शेवंताआत्याची दुप्पट उसळ

माझ्या घरी जेवायला बसली की शेवंताआत्या आधी वरणाची वाटी तिरकी करून बघायची. "सुधाकर, ह्यात डाळ नुसती आंघोळ करून गेली काय रे?"

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तिनं पंचवीस वर्षं स्वयंपाक केला होता. ताट बघून ती माणसाची लायकी ठरवायची. माझी ठरली ती दोन हजार तीन-चारच्या सुमारास, मी आईला घेऊन खरवईच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा. मी घरात मटण-मासळी, अंडी सगळं बंद केलं. आईच्या ब्लडप्रेशरसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आमचे चेअरमन जिन्यात नाक धरायचे, आणि मला त्यांच्यात उठायबसायचं होतं.

"मटण सोड नाहीतर धर, माझं काय जातंय?" आत्या म्हणाली. "कँटीनला माझे निम्मे कामगार घासफूसवाले होते. दिवसभर भट्टीसमोर उभे राहायचे. त्यांना मी उसळ दुप्पट वाढायची. चणे, मटकी, चवळी. तू वहिनीच्या ताटातले बोंबील उचललेस आणि त्या जागी काय ठेवलंस? दुधी! मोठा आला शाकाहारी!"

मी हसण्यावारी नेलं. रविवारी सोयाबीनच्या वड्या केल्या की आठवडा भागला, असा माझा हिशेब. आई दूध-दह्याला शिवत नाही, हेही मी कधी ध्यानात घेतलं नाही.

तीन वर्षांनी आईला जिन्यात धाप लागू लागली. हातातून कप निसटू लागले. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "प्रोटीन कमी, रक्त कमी, बी-ट्वेल्व्ह तर जवळजवळ नाहीच. प्रोटीन डाळी-कडधान्यांतून भागलं असतं. बी-ट्वेल्व्ह त्यांत नसतं. दूध चालत नव्हतं तर गोळी द्यायची होती. मांसाहार कुणाला विचारून बंद केलात?"

मी रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. चेअरमनचं नाव कसं सांगणार?

आत्या आईला अंबरनाथ पश्चिमेला, आपल्या खोलीवर घेऊन गेली. इंजेक्शनं, रोज एक अंडं, वाटीभर उसळ. आईच्या अंगात ताकद आली, पण तळव्यांचा बधिरपणा गेला नाही. पायातली चप्पल सुटली, हे तिला खाली बघूनच कळे.

आत्या वारली त्याच्या महिनाभर आधी मी तिच्याजवळ खरं कारण कबूल केलं.

"वहिनीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, शहाण्या."

"मग ती बोलली का नाही?"

"घर तुझं होतं ना," आत्या म्हणाली.