पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

परदेशात राहणाऱ्या माणसांबद्दल मी लिहावं, हे जरा धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि पुण्याच्या पुढे अजून गेलेलो नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण परदेशी राहणारा एक माणूस मी दोन वर्षं रोज पाहिला. त्यांचा परदेश म्हणजे मी कॉलेजसाठी राहतो ती वारूळवाडी.

ते नेपाळचे. ओझरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान हॉटेलात आचारी होते. मी मागच्या खोलीत भाड्याने राहायचो आणि तिथेच जेवायचो. सगळे त्यांना 'बहादूर' म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ते त्यांचं नावच नाही, हे मला तीन महिन्यांनी कळलं. फार लाज वाटली. मग मी त्यांना दाजू म्हणू लागलो. थोरल्या भावाला त्यांच्यात तसं म्हणतात.

त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असायचं. मला वाटलं, बिघडलंय. एका सकाळी स्टुलावर चढून मी ते मोबाइल बघून नीट लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पुढे. मी पुन्हा मागे केलं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर चढलो, तेव्हा कणीक मळता मळता दाजू म्हणाले, "भाऊ, ते खराब नाय. आमच्या घरचा टाइम आहे तो."

मी घड्याळ तसंच ठेवून खाली उतरलो.

मालकांनाही ते माहीत होतं, तरी चिडवायचे. "बहादूर, तुझं घड्याळ लई पळतंय राव. पगार बी पंधरा मिंट आधी पायजे का?"

"घड्याळ बराबर आहे मालक. तुमचा गाव उशिरा उठतो."

त्यांच्या पुष्कळ सवयी मला आधी विचित्र वाटायच्या. ते म्हणायचे, इथल्या पाण्याला चव नाही, इथल्या मिरचीला नुसता तिखटपणा, भात मोकळा म्हणून पोट भरत नाही. गावाकडच्या वाळवलेल्या पाल्याची एक पिशवी ते डब्यात तळाशी जपून ठेवत आणि कुणाला देत नसत. घरी व्हिडिओ कॉल करायचा तर आधी धुतलेला शर्ट घालायचे आणि बाहेर गिऱ्हाइकाच्या गाडीपाशी उभे राहायचे. तेलाने भाजलेला हात खिशात. पुढच्या वर्षी कायमचं परत जायचं, हे मी दोन्ही वर्षं ऐकलं. बोरी गावचा माझा एक मित्र सांगतो की त्याचा कॅनडातला भाऊही फोन लावण्याआधी शर्ट बदलतो.

मग मला माझंच आठवलं. मी डोंगराकडचा, भातखाचरांच्या गावातला. वारूळवाडीत मीसुद्धा 'आमच्याकडे तांदूळ असा, आमच्याकडे नाचणी तशी' करत असतो. एकदा बोलून गेलो तर दाजू हसले. "तू पण परदेशी आहेस की रे. फक्त तुझं घड्याळ आमच्यासारखं नाय."

त्यांची मुलगी यंदा दहावीला होती. त्यांच्या घरात इथवर कुणीच शिकलेलं नव्हतं. त्यांच्या भावाने स्थळ पाहून ठेवलं होतं. नापास झाली तर दसऱ्यानंतर लग्न, असं ठरलं होतं. पास झाली तर बाजाराच्या गावी राहून पुढे शिकणार. दाजू म्हणायचे, "मी तिथं असतो तर बोललो असतो. फोनवर भाऊ ऐकत नाय." मुलगी त्यांची, पण इतक्या लांबून त्यांचा हक्क चालत नव्हता.

निकाल लागला त्याच आठवड्यात त्यांच्या डोंगरात दरड कोसळली आणि फोन बंद पडले. परीक्षेचा नंबर मुलीकडे. मी म्हणालो, नंबर मिळाला तर मोबाइलवर लगेच बघता येईल. नंबर कुठून मिळणार? त्या दोन दिवसांत दाजूंनी एकाही गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही. डाळीत मीठ दोनदा पडलं. मालकांनी ती तशीच खाल्ली आणि त्या दिवशी बहादूर म्हणून हाकही मारली नाही.

तिसऱ्या दिवशी मला घरी जावं लागलं, भाताच्या आवणीला. निघताना दाजू म्हणाले, "कळलं की पाठवतो."

आमच्या गावात रेंज येत नाही. ती वरच्या देवळापाशी येते, तीही वारा बरा असला तर. दिवसभर चिखलात रोपं लावायची आणि संध्याकाळी वर चढायचं. दोन संध्याकाळी काहीच आलं नाही. आई म्हणाली, "कुणाच्या पोरीपायी एवढा चढतोस रं?" मी तिला नीट सांगितलं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "जा, बघून ये. काय व्हतं ते मलाबी सांग."

देवळामागच्या दगडावर उभा राहिलो तेव्हा फोन थरथरला. निरोप सकाळी सातचा होता, म्हणजे तिकडचे सव्वासात. त्यांची लिपी आपलीच, त्यामुळे वाचायला अडचण पडली नाही: 'भाइ, छोरी पास भयो.'