देवकाबाईची विहीर आणि आमचं ब्लॉक ऑफिस

ऑफिसातल्या फायलींना कुलूप लावता येतं, किस्स्यांना नाही. यवतमाळला बी.ए. करून मी ग्रामसेविका झाले आणि वर्षभरात इतके किस्से जमले की विचारू नका! त्यातले निम्मे एकट्या देवकाबाईचे. तीन एकरांची मालकीण, विधवा, आणि सरकारी अनुदानातून विहीर खणायचीच ही जिद्द. अनुदान मिळायचं हप्त्यांनी. मार्चअखेर पाणी लागल्याचा दाखला झाला नाही, तर शेवटचा हप्ता बुडाला!

*

अर्ज घ्यायला आमचे हेडक्लार्क नाना. वय पंचावन्न, सल्ले पंच्याऐंशीचे!

"घरचा पुरुषमाणूस कुठंय?"

"वारला."

"मग दिराला पाठव."

"काहून? वावर माह्या नावानं, विहीर मले पाह्यजे, अन् सही त्याची?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नोकरी नवी होती, म्हणून हात टेबलाखाली ठेवले.

*

जातीचा रकाना आला. देवकाबाई म्हणाली, "बौद्ध लिवा."

नाना आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, जुनी जात सांग. सवलत वाढून मिळेल." वर चेहरा असा, जणू उपकारच करतायत!

"साहेब, विहीर दोन हात कमी खंदीन. पन थे नाव लिवनार नाही."

नानांनी खिशातलं पेन काढलं आणि रकान्यात 'बौद्ध' लिहिलं.

*

अर्ज मंजूर झाला, खोदाई सुरू झाली, तरी नानांना चैन पडेना. "आधी पाणाड्याकडून नारळावर पाणी पाहून घ्या!"

"नाना, सरकारी नियमात नारळ कुठं लिहिलाय?" मी विचारलं. ऐकतात थोडेच!

म्हातारा पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून वावरभर फिरला. शेवटी मान हलवली. "इथं पाणी नाही."

"बाबा, नारळात तं हाये ना?" देवकाबाई म्हणाली. "मंग फोडा! खंदनारे तहानले हायेत."

*

पुढच्या हप्त्यासाठी खोली मोजायला ओव्हरसियर आला. जाडजूड माणूस. काठावरून वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. "वीस फूट लिहितो."

"न उतरता?" मी विचारलं.

"अंदाज असतो बाई आमचा."

देवकाबाईनं पदर खोचला, टेपचं टोक हातात घेतलं आणि दोराला धरून सरसर खाली! तळातून आवाज आला, "आता वाचा, साहेब! भेव वाटलं तरी चालन, आकडा जोरानं वाचा!"

एकोणतीस फूट निघाले.

*

एकतीस मार्च. पाणी पाहायला ओव्हरसियर निघाला आणि जीप ऑफिसच्या आवारातच बंद पडली. नानांनी फाईल बांधायला घेतली. "गेला हप्ता. नियम म्हणजे नियम."

दुपारी देवकाबाई दारात उभी. डोक्यावर घागर, पाय धुळीनं माखलेले. तीन कोस चालत आलेली! घागर तिनं थेट नानांच्या टेबलावर ठेवली.

"लागलं पाणी. पाहून घ्या."

नानांनी चष्मा सावरला. "हे तुझ्याच विहिरीचं कशावरून?"

"साहेब, नाला पौषातच आटला. गावच्या विहिरीत आम्हाले कोनी घागर बुडवू देत नाही. मंग हे कोनाचं असन, तुमीच सांगा!"

मग ओव्हरसियरनं हात पुढे करून नानांच्या खिशातलं पेन काढलं आणि दाखला लिहायला बसला.