न्हाणीतल्या शिडीचे मिस्त्री

काम कुठलंही असो, मिस्त्री आधी पिशवी खाली ठेवायचे, त्या वस्तूसमोर उकिडवे बसायचे आणि पाच मिनिटं काहीच करायचे नाहीत. नुसते बघत राहायचे. मागे उभं राहून आपण चुळबुळ केली, की न वळता म्हणायचे, "मेल्लगा, बाबू. घाई वायरीतल्या करंटाले असते, आपल्याले नसते."

मेल्लगा म्हणजे तेलुगूत हळूहळू. भीमपूरकडच्या एका गावातून ते कोळसा खाणीत इलेक्ट्रिक फिटर म्हणून बेल्लमपल्लीला आले होते. इतक्या वर्षांत त्यांनी तेलुगूतला हा एकच शब्द मनापासून उचलला. बाकीची तेलुगू ते फक्त कामापुरती बोलत.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याला बोलावताना आपण वैतागलेलो असतो आणि तो गेल्यावर कामात खोट सापडत नाही. मी खाणीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो, त्यामुळे या वैतागाचा मला पुष्कळ अनुभव आहे. साधा फ्यूज द्यायचा तरी मिस्त्री तो उजेडात धरून बघत, आणि मागची रांग माझ्याकडे बघे.

आमच्या घरी ते आले ते आईच्या सोवळ्यामुळे.

आदिलाबाद जिल्ह्यातली थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आई पहाटे आंघोळ करून सोवळ्यात पूजा करायची. सोवळं म्हणजे आदल्या दिवशी धुऊन वाळत टाकलेलं लुगडं, ज्याला मध्ये कुणाचा हात लागलेला नाही. माझासुद्धा नाही. अंगणात टाकावं तर खाणीची काजळी बसायची, घरात टाकावं तर ते वाळायचं नाही. मग ती ओलसर लुगडं नेसून तासभर देवापुढे बसायची. एका हिवाळ्यात छाती भरून पंधरा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ओल्या कपड्यातला आणखी एक हिवाळा यांना झेपणार नाही. मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं.

"मग काय, पारोशी बसू देवापुढं?" ती म्हणाली. विषय संपला.

त्याच सुमारास खाणीचं जुनं गेस्ट हाऊस दुरुस्त होत होतं. तिथल्या बाथरूममध्ये साहेबांचे टॉवेल गरम ठेवायला नळ्यांची एक शिडी भिंतीवर बसवलेली होती. पूर्वी तिच्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरायचं. बॉयलर बंद पडल्यापासून ती गार होती. भंगाराच्या लिलावात ती मी घेतली आणि मिस्त्रींना विचारलं, हिच्यात हीटरचं एलिमेंट बसेल का?

मिस्त्री शिडीसमोर उकिडवे बसले. पाच मिनिटांची दहा झाली.

"बसते," ते म्हणाले. "पण पहिले अर्थिंग. मग बाकीचं."

त्यांनी आमच्या अंगणात कमरेइतका खड्डा खणला, त्यात पत्रा उभा केला आणि मीठ नि कोळसा थरावर थर भरला. कोळशाची आम्हाला काय कमी! आई दारातून बघत होती.

"हे कसलं भूमिपूजन, मिस्त्री?"

"माय, चुकून करंट शिडीत उतरला त त्याले जमिनीत जायले वाट पायजे. नाही त तो तुमच्यातून जाईन."

आईला हे पटलं. वाट ठेवणं तिला कळत होतं.

लुगडं टाकता येईल अशी शिडी न्हाणीच्या भिंतीवर लावून त्यांनी तिच्या खालच्या तोंडात एलिमेंट बसवलं, वर झाकण घट्ट आवळलं, बटण न्हाणीच्या बाहेर घेतलं. आत पाणी भरलं आणि वर चार बोटं जागा सोडली. ती का सोडली ते त्यांनी मला समजावलं. आईला समजावायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही, आणि चूक तिथंच झाली.

"किती भरलं?" मिस्त्री गेल्यावर आईनं विचारलं.

"चार बोटं कमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीत मोठा आवाज झाला. झाकण उडालं होतं, गरम पाणी छतापर्यंत गेलं होतं आणि लुगड्यावर गंजाचे डाग पडले होते. आई स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली.

मिस्त्रींनी शिडी उतरवून उलटी केली. आतून वाळू निघाली.

"नळाच्या पाण्यात वाळू काऊन आली?"

मला खरंच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "मी भरलं वरून. गंगेचं होतं घरात." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. "देवाच्या कामाचं भांडं उणं ठेवू नये, म्हणून काठोकाठ भरलं."

मला वाटलं, मिस्त्री आता चिडतील. मी असतो तर चिडलो असतो.

"माय, दूध तापवतानी पातेलं काठोकाठ भरता काय?"

"नाही."

"मंग? पाणी बी तापलं का फुगते. त्याले बी जागा लागते."

आईनं लुगड्यावरच्या डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं. पण गंगेचंच भरा. तुम्ही भरा."

मिस्त्रींनी गंगेचं पाणी फडक्यातून दोनदा गाळलं, उकळलं, निवू दिलं आणि भरलं. चार बोटं सोडून. आईनं स्वतः वाकून बघितलं.

त्यानंतर दर रविवारी ते तपासायला येत. टेस्टर लावून बघत आणि मग एकेक पायरी हातानं चाचपत. वरची पायरी गार लागली तर पाणी कमी झालंय, आणि पाणी कमी झालं तर एलिमेंट जळतं. हे हातानंच कळतं, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री कोणत्या जातीचे, हे आईनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं. ते गेले की आई शिडीवर तांब्याभर पाणी ओतायची. ते सायकल काढताना हा आवाज त्यांच्या कानावर पडत असणार. पुढच्या रविवारी ते तरीही यायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात केव्हातरी हा आवाज थांबला. नेमका कधी, ते माझ्या ध्यानात आलं नाही. आईला विचारायचा मला धीर झाला नाही आणि मिस्त्रींनी एका शब्दानं विषय काढला नाही. आईची छाती मात्र पुन्हा भरली नाही.

मिस्त्री रिटायर होऊन गावी गेले. जाण्याआधी त्यांनी मला सगळं शिकवलं, पण तोंडीच, कारण मिस्त्रींखेरीज कुणाचा हात शिडीला लागलेला आईला चालत नसे, माझासुद्धा नाही. म्हणून दर कार्तिकात ते तीन बस बदलून यायचे. शिडी बघायचे, चहा घ्यायचे, दुपारच्या गाडीनं परत जायचे. त्यांनी बघितल्यावरच आई त्या हिवाळ्यात पहिल्यांदा बटण दाबायची.

एका वर्षी कार्तिक संपला तरी ते आले नाहीत. मग त्यांच्या मुलाचं कार्ड आलं. बाबा दसऱ्यानंतर वारले, आजींना सांगा, एवढंच होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

थंडी पडली आणि आई पुन्हा ओलसर लुगडं नेसायला लागली.

"इतकी वर्षं नीट चाललंय, दाब ना बटण," मी म्हणालो.

"कुणी बघितलंय ते?"

"कंपनीतला दुसरा फिटर आणतो."

"नको."

चौथ्या दिवशी सकाळी तिला खोकताना ऐकलं आणि मला तो दवाखाना आठवला. मी भांडायच्या तयारीनं न्हाणीपाशी गेलो. ती दारात उभी होती.

"आंघोळ झाली का तुझी?"

"नाही अजून."

"असू दे. ये. हात लाव."

मी टेस्टर आणला, बटण दाबलं आणि तो शिडीला लावून बघितला. वेळ जाऊ दिला. मग खालच्या पायरीपासून एकेक चाचपत वर गेलो.

"सगळीकडं लागतंय का गरम?"

"सगळीकडं."

आईनं काठीनं लुगडं शिडीवर पसरलं. त्यातून वाफ निघायला लागली, तेव्हा ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली आणि मिस्त्रींसाठी रडली.