दोघांचा अळणी स्वयंपाक

भाजीत मीठ टाकताना काकू डोळे मिटायच्या. मूठ डब्यात जायची, बाहेर यायची, बोटं जराशी सैल व्हायची आणि लगेच आवळली जायची. "चमच्यानं मीठ मोजायला मी काय औषध करायले?" असं त्या म्हणायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या हातचं लोणचं घरोघरी जातं आणि जिचं घर लोक लोणच्यावरूनच सांगतात.

पुंडलिकनगरात त्यांची आणि आमची भिंत एकच. मी शाळेत शिकवते, म्हणून त्या मला बाई म्हणायच्या. काकूंचं माहेर फुलंब्रीच्या बाजूचं. काका सरकारी वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, एकुलता मुलगा पुण्याला नोकरीत. एप्रिलमध्ये त्यांच्या ओट्यावर कैऱ्यांचं पोतं उतरलं की आम्ही चारपाच जणी फोडी करायला जायचो. फोडी आमच्या, मसाला आमच्यासमोर, पण मिठाची वेळ आली की त्या सगळ्यांना मागे सारायच्या. "मिठाला कुणी हात लावायचा नाय. माझी अब्रू हाय त्यात."

दोन वर्षांपूर्वी काकांच्या पायांवर सूज आली. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता आणि गोळी आठवेल तेव्हा घ्यायची असा त्यांचा खाक्या. डॉक्टर म्हणाले, किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या आहेत. पथ्य पाळलं तर डायलिसिस लांबवता येईल. काकू रिक्षातून उतरल्या त्या तशाच चपला घालून आमच्या स्वयंपाकघरात आल्या. हातात पथ्याचा कागद होता.

"बाई, मीठ कमी, हे समजलं. हे दुसरं काय लिहिलंय?"

"पोटॅशियम."

"ते कुठं असतं?"

"फळांत, भाज्यांत, डाळीत. आपल्याला ते चांगलंच असतं काकू. केळी, शहाळं, टोमॅटो, पालक, बटाटा, सगळ्यांत असतं. पण काकांच्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तात साठलं तर हृदयावर येतं."

त्यांनी कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "मीठ जिभेला तरी कळतं. हे कसं कळायचं?"

"रक्त तपासल्यावरच कळतं."

"म्हंजे आंधळ्यानं सैपाक करायचा," त्या म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरची फोडणी बदलली. भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतायचं, मग भरपूर पाण्यात उकडायची आणि तेही पाणी ओतून द्यायचं. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, ड्रम भरून ठेवावे लागतात. त्यातलं पाणी त्या भाजीवर असं ओतत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "आधी भाजीचा जीव काढायचा बाई, मग माणसाचा वाचवायचा."

काकांना ते जेवण जाईना. एका दुपारी ताट आपटल्याचा आवाज भिंतीतून आला. "हे माणसाचं खाणं हाय का?" काका ओरडले. मग काकूंचा आवाज आला, अगदी हळू. "मी बी हेच खाते. हे बघा. खाल्लं का नाय मी?"

तिथून ते सुरू झालं. त्यांनी स्वतःसाठी वेगळं शिजवणंच बंद केलं. बरण्यांतलं उरलेलं लोणचं गल्लीत वाटून टाकलं. त्या उन्हाळ्यात ओट्यावर पोतं उतरलं नाही.

मी म्हटलं, "काकू, तुमच्या किडन्यांना काही झालेलं नाही. तुम्ही कामून अळणी खाता?"

"त्यांच्यासमोर बसून चटणी खाऊ? घास उतरंल का?"

"मग त्यांच्या माघारी खा."

"चोरून? इतक्या वर्षांत चोरून नाय खाल्लं, आता खाऊ?"

मी यावर वाद घातला नाही. उलट शाळेत, मधल्या सुट्टीत, सोबतच्या शिक्षिकांना त्यांची गोष्ट सांगितली. सगळ्यांचे डोळे भरून आले. आम्हाला बाईमाणसाचा उपास फार लवकर आवडतो. काकांचे रिपोर्ट जागेवर थांबले होते, डॉक्टरांनीही काकूंचं कौतुक केलं. काकूंना स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू होती, लघवी जास्त होण्याची. ती त्या न चुकता घ्यायच्या. त्या गोळीबरोबर असं बिनमिठाचं खाल्लं तर काय होतं, हे विचारायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही.

या मे महिन्यात ऊन पेटलं. काकू दाराशी येऊन म्हणाल्या, "बाई, डोकं हलकं लागायलंय. मळमळतंय बी."

मी शाळेचे निकाल लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ऊन लागलं असेल काकू. पाणी जास्त प्या."

मी इतकंच बोलले. आणि काकू सांगितलेलं ऐकणाऱ्या. त्या तांब्या तांब्या पाणी पीत राहिल्या.

पुढच्या चार दिवसांत त्यांनी मला दोनदा त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. उकडलेले बटाटे पुन्हा उकडायला ठेवले. गल्लीत सगळे म्हणाले, नवऱ्याच्या काळजीनं झालंय. मीही तेच म्हणाले.

पाचव्या दिवशी भरदुपारी काकांनी भिंतीवर वाटी आपटायला सुरुवात केली. मी धावले. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या, हातपाय झटके देत होते, तोंडातून उलटी. काका त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला बघत होते, पण खाली वाकता येत नव्हतं. गॅसवर भाजी उकळतच होती.

दवाखान्यात रक्त तपासलं. तरुण डॉक्टर बाहेर आले. "ह्या मीठ खातात का?"

"नाही," मी म्हणाले. माझ्या आवाजात तेव्हाही थोडा अभिमान असावा.

"गोळ्या?" मी सांगितलं. "पाणी?" मी तेही सांगितलं.

ते म्हणाले, "रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, फार खाली गेलंय. गोळीनं ते लघवीतून जातं, वरून जास्त पाण्यानं आणखी पातळ झालं. मेंदूला सूज आहे."

"मग भरून काढा ना लगेच!" काका म्हणाले. "मीठच ना? मीठ द्या तिला!"

"एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, काका. हळूहळूच वाढवावं लागतं."

काका बाकावर बसले आणि मला विचारू लागले, "बाई, मीठच कमी पडलं? आमच्या घरात?" हा प्रश्न त्यांनी किती वेळा विचारला मला माहीत नाही. प्रत्येक वेळी मला वाटे, आता सांगावं, पाणी प्या म्हणून मीच सांगितलं होतं. मी सांगितलं नाही.

दोन दिवस काकांचा डबा मी केला. भाजी भिजवायची, पाणी ओतायचं, उकडायची, पाणी ओतायचं. मी चव घेऊन पाहिली. तो घास मला गिळता आला नाही. हे काकू वर्षाहून अधिक काळ रोज दोन वेळा खात होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंना शुद्ध आली. मी आत गेले. ओठ सुकलेले, पण नजर ओळखीची होती.

"बाई," त्या म्हणाल्या, "खरं सांगू का? त्यांना सांगू नका."

"सांगा."

"मला लई खारट खावंसं वाटत व्हतं. रोज. सपनात बी लोणचं दिसायचं. लाज वाटायची."

मी सिस्टरला विचारलं, मिठाचा एक कण जिभेवर ठेवू का. ती म्हणाली, तोंडानं सध्या काहीच नाही, झटका आला तेव्हा उलटी छातीत गेली आहे. मी काकूंना म्हटलं, दोन दिवस थांबा, मी घेऊन येते. त्या हसल्या आणि डोळे मिटले. संध्याकाळी श्वास वाढला. फुप्फुसांत पू झाला होता. दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी त्या गेल्या.

काकांना पुण्याला न्यायला मुलगा आला. जाण्याआधी ठरलेली तपासणी करून घेतली. रिपोर्ट घेऊन काका माझ्याकडे आले. चष्मा असूनही त्यांना आकडे वाचता येत नव्हते.

मी वाचले. पोटॅशियम योग्य. किडनीचा आकडाही जरा खाली आलेला. दोन वर्षांत इतका चांगला रिपोर्ट आला नव्हता.

"चांगला हाय म्हणता?"

"फार चांगला आहे, काका."

"नीट वाचलंत ना?"

"नीट वाचलं."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, उलट-सुलट करून पाहिला आणि परत माझ्याकडे दिला.

"मग आता हा कुणाला दाखवू, बाई?"

बाहेर मुलगा सामान गाडीत ठेवत होता. मी पहिल्यापासून आकडे पुन्हा वाचू लागले, मोठ्यानं, आणि काका समोर उभे राहून ऐकत होते.