इचारून न्या

दुष्काळात मी धारूरकडं टँकर चालवायचो. तहसीलच्या हुकमानं एका म्हातारीची विहीर गावासाठी ताब्यात घेतली होती. तिच्या स्वतःच्या मोसंबीलाही पाणी द्यायची बंदी होती. तरी ती आल्याशिवाय मी मोटार लावत नसे. ती चपला काढायची, काठावरच्या दगडाला हळदकुंकू लावायची अन् म्हणायची, "भरा आता."

एकदा नवा साहेब भडकला. मोटारीच्या बटणावर हात ठेवत म्हणाला, "विहीर सरकारनं घेतलीय. हिला कशाला विचारायचं?"

"पानी घेतलंय, सायेब. हीर माजीच हाय," म्हातारी म्हणाली. "इचारून न्या. मी न्हाई म्हननार न्हाई."

तिच्यामागं बागेच्या काड्या झाल्या होत्या. साहेबानं बटणावरचा हात मागं घेतला.

टँकर गावात पोचला, की तीच म्हातारी रिकामी घागर घेऊन रांगेत सगळ्यांच्या मागं उभी असायची. तिच्या घागरीत नळी सोडताना माझी मान आपोआप लवायची.