दसऱ्याचा लष्करी कागद

यंदाच्या दसऱ्याला आमच्या मस्कतमधल्या दार्सैतच्या फ्लॅटमध्ये एक भानगड झाली. मी बोलतेय, सूनबाई टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, त्यामुळे चुका तिच्या आणि शहाणपण माझं असं आमचं ठरलंय...

आमच्या घरी दसऱ्याला शस्त्र म्हणून एक कागद पुजतात. तळकोकणातलं शेतकऱ्याचं घर, तलवार कुठून येणार? आजेसासरे पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला लढायला गेले होते, त्यांचा हा लष्करातला कागद, असं सासूबाईंनी मला लग्नानंतर सांगितलं. वर राजाचं डोकं छापलेलं, म्हणजे सरकारी. सरकारी म्हणजे लष्करी... झालं.

पन्नासच्या वर दसरे मी त्याला हळदकुंकू वाहिलं. त्याच्या आठ घड्या माझ्या बोटांना पाठ आहेत. मजकूर मोडीतला, म्हणजे वाचायच्या बाबतीत माझा इंजिनिअर मुलगा आणि मी अगदी सारखे.

यंदा त्या कागदाचा डबा मी गावाहून माझ्याबरोबर मस्कतला आणला. मुलाच्या मनात आलं, रुवीच्या बाजारातून फ्रेम करून आणू, हॉलमध्ये लावू. इथल्या मराठी मंडळाची माणसं येतात, बघतील. म्हणून त्याने आधी फोटो काढून पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या बाईंना पाठवला.

दसऱ्याच्या सकाळी मी ताटात झेंडू ठेवत होते, तेव्हा त्यांचं उत्तर आलं. सून मोठ्याने वाचू लागली...

तो लष्कराचा कागद नव्हताच. आजेसासऱ्यांच्या वडिलांनी गावच्या खोताला लिहून दिलं होतं, की माझा मुलगा आणि त्याची पुढची मुलंबाळं तुमच्या घरी राबतील. पोटाला पेज, वर्षाला एक पंचा. विचारल्याशिवाय गाव सोडणार नाहीत. खाली अंगठा. मी आयुष्यभर ज्याला शिक्का समजून कुंकू लावत आले, तो हाच अंगठा.

खरा लष्कराचा कागद डब्याच्या तळाशी निघाला, इंग्रजीतला. मी त्याला खालचं अस्तर समजत होते. सासूबाईही तेच समजत असणार.

मुलगा म्हणाला, "आई, हा वरचा खलास. फाडून टाकू. लोकांना काय सांगायचं, आपण गुलाम होतो?"

माझ्या हातात कुंकवाचा करंडा तसाच. इतकी वर्षं मी काय पुजलं... सासूबाई असत्या तर त्यांनाच विचारलं असतं.

सवयीने मी कागदाची घडी घालायला लागले. एक, दोन, चार, आठ... शेवटी तो माझ्या मुठीत मावला. तेव्हा डोक्यात आलं.

"असला कागद कुणाकडे असतो रे?"

"लिहून घेणाऱ्याकडे. खोताकडे."

"मग आपल्या डब्यात कसा?"

दोघंही एवढी शिकलेली माणसं... कागद वाचून घेतला, पण तो इथे कसा आला ते कुणी विचारलं नाही. खोत काही तो नारळ ठेवून हातात देणार नाही. आजेसासऱ्यांनी तो खोताच्या घरातून उचलला, मुठीत मावेल एवढा केला आणि पळाले. मग भरती, मग बोट. ती बोट बसऱ्याला जाताना इथल्याच दर्यावरून गेली असणार.

साक्षीला कुणी नाही, पण घड्या आहेत. मला तेवढं पुरे.

मुलाने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः ताटात ठेवला. त्या दिवशी पहिलं कुंकू त्याने वाहिलं.

आता एका फ्रेममध्ये दोन्ही कागद हॉलमध्ये लागलेत. फ्रेमवाला कुंकवाचे डाग साफ करून देतो म्हणत होता. मी म्हटलं, बाबा, घड्यांना आणि डागांना हात लावू नकोस.

आजेसासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांनी कुणालाही न विचारता गाव सोडलं... म्हणून आज माझा मुलगा रजेचा अर्ज भरून गावी जातो.