खपलीचा निकाल
दूध करपल्याचा वास आला की मला भूकंपानंतरची लातूरकडची ती पत्र्याच्या घरांची वसाहत आठवते. मी तिथल्या दवाखान्यात नवी डॉक्टर होते. म्हशीची धार काढणाऱ्या एका तरुण बाईच्या बोटांवर फोड उठले. महारोग समजून शेजाऱ्यांनी तिचं दूध बंद केलं आणि सासूनं तान्ही लेक तिच्यापासून दूर ठेवली. न खपलेलं दूध चुलीवर करपायचं. म्हशीच्या सडांवरही तसेच फोड बघून मी दोन्हीकडच्या खपल्या पुण्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवल्या. निकालासोबत फोटो आले. दोन्हींत विटांच्या आकाराचे, देवीच्या जातीचे विषाणू होते. ते फोटो घेऊन मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "हा महारोग नाही. म्हशीकडून आलेले फोड आहेत, बरे होतील. खपल्या पडल्या की लेकीला घ्या." ती रडत म्हणाली, "बाई, हे आमच्या आत्यांला मोठ्यानं सांगा." आत्या म्हणजे तिची सासू दारातच उभी होती. तिनं फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. नात माझ्या हातात दिली, दुधात भाकरी कुस्करली आणि सुनेला घास भरवत मला म्हणाली, "लई दिसांपून नीट जेवली न्हाई ही." आजही कुणाला निकाल सांगायचा असला की मी आधी घरच्यांना आत बोलावते.